नकाशेकाकांची बावीस पुस्तकं

नकाशेकाकांचं खरं आडनाव वेगळं आहे, पण ते आता फक्त पेन्शनच्या कागदावर उरलं आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत त्यांनी छत्तीस वर्षं नकाशे काढले. शहराच्या पोटातून कुठला पाइप कुठून जातो, कुठे वळतो, कुठे दुसऱ्याला जाऊन भेटतो, हे त्यांना स्वतःच्या नातेवाइकांपेक्षा जास्त पाठ होतं. एखाद्या लग्नात कुणी पत्ता सांगितला की काका लगेच म्हणायचे, "म्हणजे नऊ इंची लाइनीच्या पलीकडे." समोरचा माणूस मान डोलवायचा आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलायला निघून जायचा.

पण काकांना लोक ओळखतात ते पाइपांमुळे नाही. काकांनी लहान मुलांसाठी चित्रांची बावीस पुस्तकं केली. 'केली' असंच म्हणावं लागतं, कारण 'लिहिली' म्हणायला त्यांत लिहिलेलं फार नाही. बाविसांतले सगळे शब्द गोळा केले तर वर्तमानपत्राचं एक पान जेमतेम भरेल. काकू म्हणतात, "एवढं तर मी रोज सकाळी दूधवाल्याशी बोलते."

दोन कामं एकमेकांत मिसळू नयेत म्हणून काका फार जपत. कचेरीतली पेन्सिल कचेरीत, घरातली घरात. तरी एकदा घोटाळा झालाच. एका नकाशात जलाशयाच्या निळ्या भागात त्यांच्या हातून एक बदक काढलं गेलं. लहानसं, करंगळीच्या नखाएवढं. नकाशावर तीन साहेबांच्या सह्या झाल्या. तिघांपैकी एकालाही बदक दिसलं नाही. दोन महिन्यांनी जागेवर गेलेल्या मुकादमाचा फोन आला, "साहेब, ही कसली खूण आहे? यादीत सापडत नाही." काका म्हणाले, "ते तिथे असेल तर असू द्या, नसेल तर शोधू नका." तो नकाशा अजून दप्तरी आहे आणि बदकही तिथेच आहे.

त्यांचं पहिलं पुस्तक आलं ते सदतिसाव्या वर्षी. नाव 'कपाटात कोण शिरलं?' डाव्या पानावर एक मुलगी बंद कपाटासमोर उभी राहून विचारते, कपाटात कोण शिरलं? आणि उजव्या पानावर कपाट उघडं, आत टोपी घातलेली शेळी. पुढच्या पानांवर ट्रंक, फडताळ, पिंप, सगळं याच चालीवर. दोन हजार प्रती छापून आल्या. काकांनी पहिली प्रत मोठ्या ऐटीत आपल्या पाच वर्षांच्या थोरल्या मुलीला दिली. तिने ती शेवटपर्यंत पाहिली आणि विचारलं, "बाबा, ही सारखी विचारते कशाला? हिला शेजारची शेळी दिसत नाही का?"

काकांनी कपाळाला हात लावला. ही चूक त्यांच्याकडूनच होऊ शकत होती. नकाशा काढणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य एकाच गोष्टीत जातं: जे आहे ते सगळं एका नजरेत दिसलं पाहिजे. काही लपवलं तर कुणीतरी तिथे खणतो आणि रस्ताभर कारंजं उडतं. आणि मुलांच्या पुस्तकाचं नेमकं उलटं. तिथे लपवण्यातच सगळं आहे. प्रश्न उजव्या पानावर हवा आणि उत्तर पान उलटल्यावर. मधला तो पान उलटण्याचा क्षण म्हणजे गोष्ट. काकांनी हे दोन हजार प्रती छापून झाल्यावर शोधून काढलं.

त्यानंतर त्यांनी ठरवलं की मुलांना दाखवल्याशिवाय एकही पुस्तक छापायला द्यायचं नाही. पुस्तकाची कच्ची प्रत ते स्वतः बांधत, साध्या कागदाची, मधोमध दोन पिना मारलेली. शनिवारी सकाळी साडेदहाला वाचनालयाच्या बालविभागात ग्रंथपाल बाई ती मुलांना वाचून दाखवत आणि काका नकाशांच्या पुस्तकांच्या लोखंडी कपाटामागे एका बुटक्या स्टुलावर बसत. समोर का नाही? तर लेखक समोर असला की मुलं पुस्तकाऐवजी त्याच्या कानातले केस बघतात, असा त्यांचा अनुभव. मांडीवर वही. वहीत खुणा, याही नकाशासारख्याच. मुलाने डोकं खाजवलं तर 'खा'. पाणी मागितलं तर 'पा'. खिडकीबाहेर पाहिलं तर 'खि'. आणि पुस्तक संपल्यावर कुणी "पुन्हा!" म्हणालं तर 'पु'. एका वाचनात निदान दोन वेगवेगळ्या मुलांचे दोन 'पु' मिळाले तर पुस्तक पास. नाहीतर काका घरी येऊन निमूटपणे नव्याने सुरुवात करत. हसण्याला त्यांच्याकडे खूण नव्हती. "हसतात हो," ते म्हणत, "कुणी शिंकलं तरी हसतात."

अशी एकवीस पुस्तकं या चाळणीतून गेली. आणि शेळीचं पहिलंही, पानांची अदलाबदल करून, दुसऱ्या आवृत्तीआधी गेलं. मग वयोमानाप्रमाणे एकेक संपत गेली. दुकानातून गेली, मग प्रकाशकाच्या गोदामातून गेली, आणि शेवटी वाचनालयातल्या प्रती तेवढ्या राहिल्या. त्यांची अवस्था अशी, की 'हत्तीला शिंक येते' या पुस्तकात हत्ती होता पण शिंक गळून पडली होती.

काका एकाहत्तर वर्षांचे झाले त्या वर्षी प्रकाशकबाई घरी आली. प्रकाशकबाई म्हणजे जुन्या प्रकाशकांची मुलगी. वडिलांनंतर आता सगळं तीच बघते. काकांनी तिला चार वर्षांची असल्यापासून पाहिलेलं. तिने पिशवीतून दोन्ही हातांनी एक ठोकळा काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलावरचा चष्मा उडाला.

"काका, डोळे मिटा. हं, आता उघडा. तुमचं समग्र!"

काकांनी उघडले. जाड पुठ्ठा, वर सोनेरी अक्षरं, आत बावीसच्या बावीस पुस्तकं. नमुना प्रत होती. एकेका मोठ्या पानावर जुन्या पुस्तकांची चार चार पानं छोटी करून बसवलेली.

"सगळ्या वाचनालयांत जाईल. विद्यापीठांत जाईल. पन्नास वर्षांनी कुणी विचारलं की मुलांसाठी कुणी काय केलं, तर हे उघडून दाखवता येईल."

"उघडेल कोण?" काकू स्वयंपाकघरातून बाहेर येत म्हणाल्या. त्यांनी ठोकळा उचलला, आत नेला आणि ओट्यावरच्या वजनकाट्यावर ठेवला. "पावणेदोन किलो! अहो, आपली धाकटी सातव्या महिन्यात झाली तेव्हा एवढीच होती. पण तिला एका हाताने घेता यायचं."

"काकू, तुम्ही पण ना!"

काकांनी ठोकळा ओट्यावरून परत आणला. ते पानं चाळू लागले. एका पानावर थांबले. शेळी. वरच्या ओळीत बंद कपाटासमोर मुलगी, आणि तिच्या अगदी शेजारी, खांद्याला खांदा लावून, उघड्या कपाटातली शेळी. पुढे ट्रंक आणि ट्रंकेतला कोंबडा शेजारी शेजारी. 'उशीखाली समुद्र' मध्ये उशी आणि समुद्र शेजारी शेजारी. चौतीस वर्षांपूर्वी एकदा केलेली चूक आता बावीस वेळा, सोनेरी अक्षरांत.

"सुटी नाही छापता येणार?" त्यांनी विचारलं.

"बावीस सुटी पुस्तकं? काका, मला झेपणार नाही हो. हे एक होईल. नाहीतर काहीच नाही." तिने हे वाईट मनाने म्हटलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं.

त्या दिवशी काकांना जेवण गेलं नाही. काकूंनी विचारलं तेव्हा एवढंच म्हणाले, "नाही म्हटलं तर पुस्तकं संपली. हो म्हटलं तर पुस्तकं कपाटात. मला ती एखाद्या पोराच्या मांडीवर हवी आहेत, इतकंच."

"मग तिला तसं सांगा की."

"सांगून कळत नाही ते. दाखवावं लागतं."

म्हणून त्यांनी प्रकाशकबाईला कळवलं: शनिवारी ये, तुझा ठोकळा घेऊन ये, मुलांसमोर वाचू. ती म्हणाली, "काका, हे मुलांसाठी नाहीच मुळी, हे संग्रहासाठी आहे." काका म्हणाले, "मग मुलांची चित्रं कशाला घेतलीस? माझे पाइपांचे नकाशे घ्यायचेस." ती हसली आणि यायला तयार झाली.

शनिवारी लोखंडी कपाटामागे दुसरं स्टूल लागलं. प्रकाशकबाई गुडघे दुमडून काकांशेजारी बसली. पलीकडे चौदा-पंधरा मुलं. ग्रंथपाल बाईंनी ठोकळा मांडीवर घेतला, दोन मिनिटांत पाय बधिर झाल्यावर जमिनीवर ठेवला, आणि वाचायला सुरुवात केली.

"कपाटात कोण..."

"शेळी!" सगळी एकदम ओरडली.

"ट्रंकेत कोण..."

"कोंबडा! पुढे पिंपात मांजर! त्याच्या पुढे..."

"अरे, मला वाचू तरी द्या!"

मुलांना भलताच चेव चढला. बाईंच्या आधी उत्तर कोण देतो याची शर्यत लागली. हशा, आरडाओरडा, एकाने तर दुसऱ्याच्या पाठीवर चढून पान पाहिलं. पाच पुस्तकं दहा मिनिटांत फस्त झाली. एक छोटी मुलगी मात्र पुढे सरकून दोन्ही तळव्यांनी चित्रं झाकायला लागली. "नका ना बघू! आत्ताच नका बघू!" तिला चार चित्रं झाकायची होती आणि हात दोनच होते. शेवटी ती उत्तरावर पालथी पडून राहिली. बाईंनी तिला उचललं तेव्हा प्रश्नही संपला होता.

"मुलं हसली की हो, काका," प्रकाशकबाई कुजबुजली.

"हसली."

"खूप हसली."

"हो तर. मी कुठे नाही म्हणतोय?" काकांनी वही तिच्यापुढे केली. इतर खुणांनी पान भरलेलं होतं. पण 'पु' च्या रकान्यात एकही रेघ नव्हती. ठोकळा मिटल्यावर मुलं उठून चेंडू शोधायला गेली होती. ती पालथी पडलेली मुलगीसुद्धा.

प्रकाशकबाईने वही हातात घेतली. मग मागची पानं उलटायला लागली. वही नवी होती, पण काकांनी जुन्या वह्यांची मोजणी तीत उतरवून घेतली होती. एका ओळीवर तिचं बोट थांबलं. 'प्रकाशकांची मुलगी, वय चार. पु सहा वेळा. शेवटी रडली.'

"मी रडले नव्हते."

"लिहिलंय."

"तुम्ही काहीही लिहाल!"

"मी काहीही लिहीत नाही म्हणून तर बाविसांचं मिळून एक पान होतं."

ती हसली नाही. धंद्यातली बाई आहे, तिचं डोकं दुसरीकडे चालू होतं. कपाटामागून उठताना ती म्हणाली, "ठीक आहे. समग्र रद्द. सुटी छापते, वर्षाला पाच. पण एक अट आहे. बावीसच्या बावीस पुस्तकं पुन्हा याच मुलांसमोर वाचायची. तुमचीच वही, तुमचाच नियम. दोन 'पु' मिळाले तर छापते. नाही मिळाले तर नाही."

काकांनी वही मिटून काखेत घेतली. हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. सगळी पुस्तकं परीक्षा पास झालेली होती खरी, पण ज्या मुलांनी पास केलं ती आता बँकेत, दवाखान्यात, नाहीतर स्वतःच्या पोरांच्या शाळेच्या फाटकाशी उभी होती.

घरी काकूंना सांगितलं. काकू म्हणाल्या, "आली ना अंगाशी? घ्या आता, तुमचीच चाळणी."

"बरोबरच आहे तिचं."

"बरोबर आहे म्हणूनच तर अंगाशी आली."

दर शनिवारी तीन अशी आठ शनिवार वाचनं चालली, शेवटच्या शनिवारी एकच. काका आधीच्या दिवशी गोंद घेऊन बसत आणि वाचनालयाच्या प्रतींना ठिगळं लावत. हत्तीची शिंक त्यांनी नवी काढून चिकटवली. हत्तीला पाच 'पु' मिळाले. 'नळ गळतो' नावाचं बारा शब्दांचं पुस्तक आहे, त्यातले सहा शब्द 'टप्' आहेत, ते वाचताना मुलं जमिनीवर बोटं आपटायला लागली आणि आठ 'पु' मिळाले. शेळीलाही तीन मिळाले. काका घरी येताना शीळ घालत.

पण पडलीही. 'टाइपरायटरवरची मुंगी' पडलं. 'काकडीचं विमान' पडलं, ते का पडलं हे कुणालाच कळलं नाही. काकांनी प्रत्येकासमोर लाल पेन्सिलीने फुली मारली आणि पुढच्या शनिवारची तीन काढून ठेवली.

सहाव्या शनिवारी 'फोनची वायर' होतं.

हे काकांचं अकरावं पुस्तक आणि जिवाचं. घरात फोन वाजतो. घरातली बाई उचलते, म्हणते मुलीसाठी आहे, आणि फोन घेऊन तिच्याकडे जाते. मुलगी म्हणते, माझा नाही, त्याचा असेल. फोन एका खोलीतून दुसऱ्या खोलीत, वायर लांबच लांब. खुर्च्यांच्या पायांतून, मांजराच्या पोटाखालून, आजोबांच्या काठीभोवती. शेवटच्या पानावर सगळं घर वायरीत गुंडाळलेलं, आणि फोनवरचा माणूस म्हणतो, सॉरी, रॉंग नंबर. त्यातली फोन घेऊन फिरणारी बाई म्हणजे हुबेहूब काकू, अगदी कमरेत खोचलेल्या रुमालासकट.

ग्रंथपाल बाईंनी पहिलं पान दाखवलं.

"हे काय आहे?" एका मुलीने विचारलं.

"फोन."

"मग त्याला दोरी का बांधलीय? पळून जातो?"

"दोरी नाही गं, वायर. त्यातून आवाज येतो."

"चार्जिंगची?"

बाईंनी समजावलं. समजावण्यात चार पानं गेली. मुलं शहाण्यासारखी ऐकत होती, आणि काकांच्या वहीत 'खि' वर 'खि' पडत होते. मुलं शहाण्यासारखी बसली की काका पुस्तकाची आशा सोडायचे. पुस्तक संपलं. एक आवाज आला, "पुन्हा!" काकांनी पेन्सिल उचलली. तो मुलगा पुढे म्हणाला, "मी शूला गेलो होतो. मला सुरुवातच माहीत नाही." काकांनी पेन्सिल खाली ठेवली.

त्या दिवशी प्रकाशकबाईही आली होती. बाहेर पायरीवर ती म्हणाली, "काका, हे मी तसंच छापणार."

"एकही 'पु' नाही."

"एक आहे."

"तो धरता येत नाही. तो लघवीचा आहे."

"मला आवडतं ना पण! मी वाढलेय या पुस्तकावर. माझ्याकडून दोन 'पु' लिहा, नाहीतर चार लिहा."

"तुझं वय काय?"

"सदतीस."

"मग?"

ती चिडली. "मोबाइल काढा त्याच्या जागी. चित्रं बदला." काकांनी ते करून पाहिलं. आठवडाभर टेबलाशी बसले. पण मोबाइल आला की घरातली बाई तो उचलते, मुलीच्या हातात देते, आणि गोष्ट तिसऱ्या पानावर संपते. खुर्च्या मोकळ्या, मांजर मोकळं, आजोबा मोकळे. त्यांनी कागद गुंडाळून ठेवले आणि वहीत फुली मारली.

काकूंनी ती फुली पाहिली. "म्हणजे मी नापास झाले."

"तू नाही गं. फोन."

"फोन कुणाच्या हातात आहे?"

"तुझ्या."

"मग!" काकू म्हणाल्या आणि दोन दिवस त्यांच्याशी अगदी मोजकं बोलल्या, म्हणजे साधारण एका पुस्तकाएवढं. तिसऱ्या दिवशी त्यांनीच विषय काढला. "तिने छापते म्हटलं होतं ना? घ्यायचं होतंत की छापून. एवढी फुली मारायची काय हौस?"

काकांनी थोडा विचार केला. "मग ते हत्तीचे पाच 'पु' पण खोटे झाले असते."

काकू उठून स्वयंपाकघरात गेल्या. त्या दिवशी आमटी नेहमीसारखी वाढली, दोनदा विचारून.

आठ शनिवार संपले तेव्हा हिशोब असा: चौदा पास, आठ नापास. प्रकाशकबाईने शब्द पाळला. वर्ष सरायच्या आत पहिली पाच पुस्तकं आली, सुटी, पातळ, दोन पिनांची, जुन्याच आकारात. वाचनालयात ती खालच्या फळीवर ठेवली, जिथे रांगणाऱ्याचाही हात पोचतो. महिन्याभरात 'नळ गळतो' चा एक कोपरा कुणीतरी चावला. ग्रंथपाल बाई तक्रार घेऊन आल्या तर काकांनी तो कोपरा उजेडात धरून दातांचे ठसे मोजले. चार होते. त्यांना फार बरं वाटलं.

मग बाई थोड्या अडखळत म्हणाल्या, "काका, नव्यांना जागा करायची तर ती आठ जुनी... नियमाने बाद करावी लागतील. मी रद्दीत नाही हं टाकणार. तुम्ही नेता का?"

"नेतो की."

बाईंनी आठही पुस्तकांवर 'बाद' चा शिक्का मारला. 'फोनची वायर' वर मारताना त्यांनी हात हळू टाकला आणि शिक्का अर्धवट उमटला. काकांनी पुस्तक परत त्यांच्यापुढे सरकवलं. "नीट मारा. उद्या कुणी चोरीचा माल म्हणायचं." बाईंनी पुन्हा मारला.

काकांनी आठ पुस्तकं कापडी पिशवीत घातली आणि घरी निघाले. जिन्यात समोरच्या घरात नुकतेच राहायला आलेले गृहस्थ भेटले. अजून ओळख मान हलवण्यापुरतीच होती.

"काय आणलंत?" त्यांनी पिशवीकडे बघत विचारलं.

"पुस्तकं. लहान मुलांची."

"अच्छा. कुणाची आहेत?"

"आमच्या ओळखीतले एक आहेत."

"कशी आहेत?"

काका दोन पायऱ्या चढले, कठड्याला धरून थांबले आणि प्रामाणिकपणे सांगावं तसं म्हणाले, "चित्रं बरी आहेत."